‘उचकी’चा चोविसावा अंक

माझ्या सासूबाई पाणीपुरवठा खात्यात ट्रेसर होत्या. इंजिनिअर लोकांनी पेन्सिलीने काढलेले नकाशे पारदर्शक कापडावर काळ्या शाईने गिरवून पक्के करायचे, हे ट्रेसरचं काम. एकतीस वर्षं तिरक्या टेबलाशी वाकून त्यांनी या शहराच्या सगळ्या नळांच्या वाटा गिरवल्या. अजूनही रस्ता खणलेला दिसला की त्या थांबून बघतात आणि म्हणतात, "चुकीच्या जागी खणलंय. लाइन पलीकडून जाते." आणि ती पलीकडूनच जात असते.

पण लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून त्यांना हातात पेन्सिल घेऊन काही काढताना मी एकदाही पाहिलं नव्हतं. माझ्या मुलीला शाळेसाठी बेडकाची आकृती हवी होती. मी तिला म्हटलं, आजीकडे जा, तिचा हात बघ कसा आहे ते. आई म्हणाल्या, "मला नाही येत." मला रागच आला होता. जन्मभर आकृत्या काढून पोट भरलेल्या बाईला बेडूक येत नाही?

तशा त्या भित्र्याच. आम्ही त्याची थट्टा करायचो. दाराची कडी तीनदा बघणार. पोस्टमन आला तरी आधी दाराच्या भोकातून बघणार. सहीसाठी कागद पुढे केला की दोनदा वाचणार आणि उलटून मागची कोरी बाजूही बघणार. माझा नवरा म्हणायचा, "आई, मागे काही नाहीये." त्यावर त्या, "नाहीये ना, तेच बघतेय."

मी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसते. दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा फोनवर एक ग्रुप बघत बसायची मला सवय लागली होती. ‘आमच्या वेळची वाह्यात मासिकं’ असं त्याचं नाव. साठी-सत्तरीतली मंडळी तरुणपणी चोरून वाचलेल्या विनोदी अंकांची पानं तिथे टाकायची आणि खाली आठवणी लिहायची. कुणी तो अंक भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचला होता. कुणाला वडिलांनी त्याच अंकाची सुरळी करून बडवलं होतं, आणि मग वडील ती सुरळी घेऊन अर्धा तास संडासात बसले होते.

लोकांचा सगळ्यात जास्त जीव होता तो ‘उचकी’वर. ‘उचकी’ छापखान्यातून आलेली नव्हती. शाळेत प्रश्नपत्रिका काढायला असायचं तसल्या सायक्लोस्टाइल यंत्रावर काढलेली आठ पानं, कोपऱ्यात एक टाचणी. ना संपादकाचं नाव, ना पत्ता. पहिल्या पानावर दर वेळी एकच ओळ असायची: ‘मोठे साहेब जेवायला बसले की त्यांना उचकी लागावी, एवढाच आमचा हेतू.’ आणि प्रत्येक चित्राखाली सहीच्या जागी एक बारीकशी माशी. ही माशी म्हणजे कोण, यावर ग्रुपमध्ये म्हातारे हमरीतुमरीवर यायचे.

एके दिवशी कुणीतरी त्यातलं एक चित्र टाकलं. मोठ्या साहेबांचं नाक म्हणजे नळ. खाली बादल्या घेऊन मैलभर रांग, आणि नळातून थेंब थेंब भाषण गळतंय. एक म्हातारी आपल्या बादलीत डोकावून शेजारणीला सांगतेय, "आजचं गढूळ आहे." मी इतकी हसले की कोपर लागून फ्रेमचा अख्खा ट्रे खाली पडला.

आणि मग मला आठवलं, असा एक अंक आपल्याकडेही आहे. वर्षभरापूर्वी कपाटातले कागद बदलताना आईंच्या कप्प्यात, अगदी तळाच्या कागदाखाली, मला तो सापडला होता. सासऱ्यांचा असेल असं समजून मी तो माझ्या ड्रॉवरमध्ये टाकला आणि विसरून गेले. आई त्या कागदाखाली स्वतःही कधी हात घालत नव्हत्या, त्यामुळे त्यांनाही कळलं नव्हतं.

घरी गेल्या गेल्या मी त्याच्या पहिल्या पानाचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. ‘आमच्याकडे चोविसावा अंक आहे.’

खाली नुसती झुंबड उडाली. ‘चोविसावा? तेवीसच निघाले होते!’ ‘ताई, नीट बघा.’ ‘बनावट दिसतो.’ त्यातच गुलाबाचं चित्र लावलेल्या एका माणसाने मला वेगळा निरोप पाठवला. ‘ताई, आधीचे तेवीस माझ्याकडे आहेत. हा मी एक्केचाळीस वर्षं शोधतोय. शनिवारी चार वाजता बघायला येऊ का?’ मला वाटलं, असेल कुणी हौशी आजोबा. मी पत्ता कळवून टाकला.

आई ओट्याशी बसून मटार सोलत होत्या. मी हसत हसत सगळं सांगितलं आणि फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी बघितलं. शेंग हातातच राहिली. मग त्या उठल्या आणि बंद असलेल्या गॅसची कळ पुन्हा एकदा बंद केली.

"पत्ता दिलास?"

"हो."

"आपला?"

"मग कुणाचा देणार, आई?"

त्या जमिनीवर बसल्या. चेहरा पांढराफटक.

"अगं, तो अंक वाटलाच गेला नव्हता," त्या म्हणाल्या. आवाज इतका खाली की मला वाकावं लागलं. "एकच प्रत निघाली होती. ती ज्याच्या घरात सापडेल तो माशी."

"पण माशी म्हणजे..." मी बोलत होते आणि त्या स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होत्या, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. मग मला कळलं.

"आणि आधीचे तेवीस एका माणसाकडे कसे असतील?" त्या म्हणाल्या. "लोकांनी जाळले, विहिरीत टाकले. एकाने तर झडतीच्या वेळी पान चावून गिळलं. सगळे तेवीस असायचे तर ते एकाकडेच. ज्याने जप्त केले त्याच्याकडे."

मी फोन उघडून त्याचा निरोप पुन्हा वाचला.

त्या संध्याकाळी त्यांनी मला सगळं सांगितलं. मध्ये दोनदा उठून कडी बघितली.

तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या होत्या. शहराचा सगळा कारभार एका माणसाच्या हातात होता, त्यालाच मोठे साहेब म्हणायचे. त्यांचा फोटो प्रत्येक कचेरीत, आणि त्यांच्याविरुद्ध ब्र काढायची कुणाची टाप नव्हती. परवानगीशिवाय एक ओळ छापली तरी माणूस आत जायचा. शहराला पाणी तीन दिवसांआड, आणि साहेबांच्या बंगल्यापुढचं कारंजं मात्र दिवसभर उडत असायचं. त्या कारंज्याच्या लाइनीचा नकाशा आईंनीच गिरवला होता. त्याच दिवशी घरी येऊन त्यांनी वाया गेलेल्या कापडाच्या तुकड्यावर पहिलं चित्र काढलं.

ते चित्र ओळखीच्या एका गणिताच्या मास्तरांनी पाहिलं. या मास्तरांचा चेहरा कायम कुणीतरी गेल्यासारखा, म्हणून त्यांना सगळे सुतकी म्हणायचे. शहरातले सगळ्यात वाह्यात विनोद त्याच चेहऱ्यातून निघायचे. त्यांच्या शाळेचा कारकून अंगाने आडवा, त्याचं नाव पडलं होतं पिंप. शाळेचं टाइपरायटर आणि सायक्लोस्टाइल यंत्र पिंपाच्या ताब्यात. मजकूर सुतकी टाइप करायचे, पिंप यंत्र फिरवायचा आणि आई चित्रं काढायच्या. मेणकागदावर लोखंडी लेखणीने काढावं लागायचं. जोर कमी पडला तर रेष उमटत नाही, जास्त पडला तर कागद फाटतो. ट्रेसरचा हात नेमका त्यासाठीच घडलेला.

नकाशांच्या गुंडाळ्यांत घालून आई अंक बाहेर काढायच्या. तिथून ते न्हाव्याच्या दुकानात, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही जायचे. "एकदा दवाखान्यात एक माणूस दाढ धरून बसला होता," आई म्हणाल्या. "गाल हा एवढा सुजलेला. त्याने बाकावरचा अंक उचलला. हसला की दाढ ठणकायची. ‘आई गं’ म्हणायचा आणि परत हसायचा. माझ्या चित्राला हसत होता गं तो. मी समोर बसले होते आणि त्याला पत्ताच नव्हता. तेवढं सुख मला पुढे कशातच मिळालं नाही." हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. मग बाहेर कुणाची तरी चप्पल वाजली आणि त्या गप्प झाल्या.

तेवीस अंक निघाले. मग एक दिवस नकाशाखोलीत वरून एक अधिकारी आला. त्याला सगळे चौकशीवाले म्हणू लागले. माशी काढणारा हात नकाशाखोलीतलाच आहे असा त्याचा कयास होता, आणि तो खराही होता. तीन आठवडे तो कोपऱ्यात खुर्ची टाकून बसला. ओरडायचा नाही, काही नाही. नुसता सातही ट्रेसरांचे हात बघत बसायचा. चष्मा कपाळावर चढवायचा आणि मग टेबलावर, खिशात, फाइलींखाली शोधत राहायचा. हसायची कुणाची छाती नव्हती.

शेवटी त्याने सातही जणांना कागद दिले. म्हणाला, एक नळ काढा आणि एक माशी काढा. सहा पुरुषांनी घाम पुसत पुसत काढलं. आईंनी एकमेकांना टोक लावलेले दोन त्रिकोण काढले.

"हा नळ?" त्याने विचारलं.

"साहेब, नकाशात कॉकचं चिन्ह असंच असतं. आम्हाला असाच शिकवलाय."

"आणि माशी?"

"माशीला चिन्ह नाही, साहेब."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. तो हसला नाही. आईंकडे बराच वेळ बघत राहिला आणि वहीत काहीतरी लिहिलं. "स्टुलावर बसले होते म्हणून बरं," आई म्हणाल्या. "उभी असते तर तिथेच कोसळले असते. त्याने काय लिहिलं, याचा मी पुढे कितीतरी वर्षं तर्क करत बसले."

आणि तरीही चोविसाव्या अंकात त्यांनी त्यालाच काढला. हातात भिंग घेऊन माशी शोधत निघालेला साहेब, आणि माशी बसलीय त्याच्या कपाळावरच्या चष्म्यावर.

"एवढ्या घाबरल्या होतात, मग काढलंत कशाला?" मी विचारलं.

"हात ऐकेना."

शुक्रवारी पिंपाने पहिली प्रत काढली आणि रेषा नीट उठल्यात का ते बघायला आईंना दिली. शनिवारी सकाळी शाळेच्या फाटकाशी जीप थांबली. शाळेच्या टाइपरायटरचा ‘ळ’ किंचित वर उडायचा. ‘उचकी’तही प्रत्येक ‘ळ’ तसाच उडालेला. निम्मा अंक नळावर, म्हणजे शोधायला जावंच लागलं नाही. जीप बघून पिंपाने मेणकागद शिपायाच्या चहाच्या शेगडीत घातले आणि खुर्चीवर जाऊन बसला. सुतकींनी संध्याकाळची बस पकडली ते परत कधी आलेच नाहीत. काही वर्षांनी ते गेल्याचंच कळलं. पिंपाला अकरा महिने ठेवलं. त्याने एकही नाव घेतलं नाही. सुटला तेव्हा डावा कान कामातून गेला होता.

"नंतर एकदा बाजारात समोरून आला," आई म्हणाल्या. "त्याने मला पाहिलं. मीही पाहिलं. आणि मी एका दुकानात वळले. भांड्यांचं दुकान होतं. मला भांडी नको होती."

पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. सासऱ्यांना त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. सासरे गेले तेही न कळताच.

मी ग्रुपवरचा फोटो काढून टाकला. त्या माणसाला निरोप पाठवला, ‘अंक सापडत नाही, येऊ नका.’ त्याने निरोप वाचल्याची खूण उमटली. उत्तर नाही. तेच जास्त वाईट होतं.

नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर असतो. त्याला सांगितलं तर तो आधी आईकडे बघतच राहिला, मग म्हणाला, "एक्केचाळीस वर्षांनी कोण काय करतंय? तो माणूस असला तरी खाटेला खिळला असेल."

"खाटेला खिळलेला माणूस शनिवारी चारला येतो म्हणत नाही," आई म्हणाल्या.

"आता ते साहेब नाहीत, ते दिवस नाहीत."

"दिवस जातात, कागद जात नाहीत. कुठेतरी माझ्या नावाचा कागद असेलच."

शुक्रवारी मी त्यांच्या खोलीत गेले तर खाटेवर एक पिशवी भरलेली. दोन जोड कपडे, रक्तदाबाच्या गोळ्या, जास्तीचा चष्मा. तो चष्मा मीच दुकानातून करून आणलेला. पिशवीची चेन लागत नव्हती ती तेवढी लावून दिली.

शनिवारी नवरा घरी थांबणार होता. तीनला फोन आला, कुठल्यातरी इमारतीत चार माणसं लिफ्टमध्ये अडकली आहेत. त्याला जावं लागलं. मुलगी मैत्रिणीकडे. घरात मी आणि आई. चारला पाच कमी असताना जिन्यात काठीचा आवाज आला. एक पायरी, मग काठी. मग पुन्हा पायरी. तिसऱ्या मजल्यापर्यंत तो आवाज यायला किती वेळ लागला, काय सांगू! आईंनी माझं मनगट धरलं होतं. त्यांची नखं रुतत होती आणि मला ओढून घ्यायचं सुचत नव्हतं.

बेल वाजली. आई भोकाशी गेल्या. बघितलं आणि मागे सरल्या.

"तोच आहे."

"इतक्या वर्षांनी कसं ओळखलंत?"

"चष्मा कपाळावर आहे."

दार उघडायचं नाही असं आमचं ठरलं होतं. पण बाहेर तो बोलू लागला. "ताई, मी ‘उचकी’साठी आलोय. दोन मिनिटं बघू द्या. परत तीन जिने चढणं माझ्याने व्हायचं नाही." शेजारच्या दाराची कडी वाजली. शेजाऱ्यांनी ऐकू नये म्हणूनच केवळ मी साखळी काढली.

आत आला तो वाळलेला, दमलेला म्हातारा होता. हातात कापडी पिशवी. खुर्चीत बसून बराच वेळ नुसता धापा टाकत राहिला. मी पाणी दिलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. त्यांच्याकडे त्याने एकदा बघितलं आणि म्हातारी आहे घरातली, एवढीच नोंद घेऊन नजर काढून घेतली.

मग त्याने पिशवीतून अंक काढले. एकेक प्लास्टिकमध्ये घातलेला, कोपऱ्यात लाल शाईने आकडा. पुराव्याचा आकडा. तो एकेक उलगडू लागला आणि हसू लागला. "हे बघा, हे नाक! मी कचेरीत बसून वाचायचो, तोंडात रुमाल कोंबून. बाहेर शिपाई, हसलो तर ऐकू जायचं. वरून हुकूम होता जाळून टाकायचा. मी घरी नेले. पंखा दुरुस्त करायच्या पेटीत लपवले. बायकोलासुद्धा सांगितलं नाही. खरं सांगू का, नोकरीतले तेवढेच चांगले दिवस."

डोळ्यांत पाणी येईपर्यंत तो हसत होता.

"आता चोविसावा," तो म्हणाला. "यंत्राच्या रुळावर शाई ओली होती. तेव्हाच मला कळलं की अजून एक निघालाय. त्या कारकुनाचं तोंड उघडवायला आम्ही काय काय केलं. बोलला नाही."

मी आईंकडे बघितलं. त्या आत गेल्या, अंक घेऊन आल्या आणि स्वतः त्याच्या हातात दिला.

त्याने पानं उलटली. पाचव्या पानावर थांबला. भिंग, माशी, कपाळावरचा चष्मा. त्याचा हात आपोआप कपाळाकडे गेला. चष्मा लागला. तो त्याने काढला, घडी घातली आणि खिशात ठेवला. हसला नाही.

"हे कुणी काढलं?" त्याने विचारलं. आवाज एकदम वेगळा, कोरडा. खुर्ची टाकून बसणारा माणूस परत आला होता. मग त्याची नजर भिंतीवर सासऱ्यांच्या फोटोवर गेली. "हे तुमचे मिस्टर? म्हणजे हे होते तर माशी!"

मला सुटल्यासारखं झालं. सासरे जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यांना आता कोण काय करणार होतं? मी ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं. आईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"त्यांना सरळ रेष काढता येत नव्हती," त्या म्हणाल्या. "माशी मी."

तो बघतच राहिला. मग हळूहळू म्हणाला, "दोन त्रिकोण."

"हो."

"सात नावांतलं तुमचं नाव मी त्याच दिवशी खोडलं होतं. पुढे लिहिलं होतं, स्त्री, शक्यता नाही."

एक्केचाळीस वर्षं आई ज्याचा तर्क करत बसल्या होत्या ते एवढंच होतं.

"त्याच्या कानावर कुणी मारलं?" आईंनी विचारलं.

"कुणाच्या?"

"शाळेच्या कारकुनाच्या."

तो काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिला. "मी त्या खोलीत नव्हतो. मी बाहेर व्हरांड्यात असायचो. मला फक्त ऐकू यायचं."

"तुम्हाला ऐकू आलं," आई म्हणाल्या. "त्याला त्यानंतर आलं नाही."

त्यांचा आवाज चढला नव्हता. पण म्हातारा खुर्चीत मागे सरकला. त्याने एकदा माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं. "ताई, तुम्ही हे ग्रुपवर लिहिणार का?" तो मला विचारत होता. "माझी नात आहे त्या ग्रुपवर. तिनेच मला तिथे घेतलं. मी ग्रंथालयात नोकरीला होतो असं तिला वाटतं." त्याचे ओठ कोरडे पडले होते. आता तो घाबरला होता. दोन घाबरलेली म्हातारी माणसं समोरासमोर, आणि त्यांच्यामध्ये तेवीस विनोदी अंक.

त्याने अंक नीट लावून पिशवीत भरले आणि पिशवी आईंच्या बाजूला सरकवली. "हे ठेवा तुम्ही. पण..."

"पण नाही," आई म्हणाल्या. "ठेवायचे तर ठेवा."

तो ठेवून गेला. जिना उतरताना भिंत धरून उतरला. खालचं फाटक वाजेपर्यंत आई दाराशी उभ्या होत्या. मग न्हाणीघरात जाऊन त्यांना उलटी झाली.

यानंतर त्यांची भीती गेली असेल असं कुणाला वाटेल. तसं झालं नाही. पुढचे आठ-दहा दिवस जास्तच वाईट गेले. खाली गाडी थांबली की त्या खिडकीपासून दूर व्हायच्या. "आता त्याला माहीत आहे," एवढंच म्हणायच्या. अंकांच्या पिशवीला हात लावत नव्हत्या. एका दुपारी मी दुकानातून लवकर आले तर त्या खिडकीपाशी सगळे अंक पसरून बसलेल्या. हसत नव्हत्या. बोटाने एकेक रेष गिरवत होत्या. मला म्हणाल्या, "ही रेष बघ. इथे पिंपाने यंत्र जास्त दाबलंय. मी भांडले होते त्याच्याशी."

मग म्हणाल्या, "त्याला भेटायचंय."

पिंपाचा पत्ता त्यांच्याकडे होता. सगळी वर्षं होता, फोनच्या वहीत ‘इस्त्रीवाला’ या नावाखाली. तो तीन तासांवरच्या गावी लेकीकडे राहायचा. आईंनी पत्र टाकलं. बारा दिवसांनी लेकीचं उत्तर आलं. ‘बाबांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, भेटायला अवश्य यावे, परंतु ते कागद या घरात आणू नयेत. बाबा अजून घाबरतात. कृपया राग मानू नये.’

राग कसला! आईंनी ते पत्र दोनदा वाचलं, उलटून मागची बाजू बघितली आणि म्हणाल्या, "बरोबर आहे त्याचं."

आम्ही रिकाम्या हाती गेलो. पिंप आता पिंप राहिला नव्हता, हाडांचा सापळा झाला होता. लेकीने चहा दिला. खोलीत दोघं समोरासमोर बसली आणि तासभर गुडघ्यांवर बोलली. कुठलं तेल, कुठला डॉक्टर, जिना चढताना कुठला पाय आधी. आई त्याच्या उजव्या कानाच्या बाजूला सरकून बसल्या होत्या. लेक कप घेऊन आत गेली तसा तो पटकन पुढे वाकला आणि कुजबुजला, "पाचवं पान चांगलं उठलं होतं ना?"

"झकास," आई म्हणाल्या.

त्याने मान हलवली. लेक आली आणि पुन्हा गुडघे सुरू झाले.

परतीच्या बसमध्ये आई म्हणाल्या, "त्या दिवशी दुकानात का वळलीस, ते त्याने विचारलं नाही. विचारायला हवं होतं. मी सांगितलं असतं."

"तुम्हीच का नाही सांगितलंत?"

"नाही झालं," त्या म्हणाल्या, आणि बाहेर बघत राहिल्या.

अंक आमच्याकडेच आहेत. गेल्या महिन्यात ग्रुपवर एका आजोबांनी जाहीर केलं की माशी म्हणजे आपणच. लोकांनी त्यांच्यावर अभिनंदनाचा पाऊस पाडला. कुठल्याशा हॉलमध्ये त्यांचा सत्कारही झाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी आईंना म्हटलं, आत्ता लिहिते, सगळे चोवीस अंक लावून फोटो टाकते.

आईंनी फोन हातात घेतला, त्या आजोबांचा हार घातलेला फोटो मोठा करून नीट बघितला.

"नको," त्या म्हणाल्या. "किती मोकळा हसतोय बघ. त्यालाच राहू दे."